एकतिसाव्या सामन्यानंतर

खोक्यात काचेच्या नळ्यांचे चौदा जुडगे होते. एका जुडग्यातल्या तीन नळ्या फुटलेल्या. सहा कंडेन्सर, सगळे शाबूत. तोट्यांच्या पुठ्ठ्याच्या पेटीत चोवीसच्या जागी तेवीस तोट्या. दोन ओंजळी भुसा. आणि वर्तमानपत्राचे एकशे बारा तुकडे. सोबतच्या यादीत नळ्या, कंडेन्सर आणि तोट्या यांची नोंद होती. मामांना हवी होती ती नोंद नसलेली वस्तू.

"खेळाचे किती?" मामांनी विचारलं. ते खिडकीकडे पाठ करून उभे होते. समोरून उजेड आला की त्यांना सगळं धुरकट दिसायचं.

"सत्तावीस."

"त्यांत आपले?"

"नऊ."

"तारखा वाच. फक्त तारखा. पुढचं एक अक्षर वाचलंस तर भाची आहेस हे विसरेन."

मी तारखा वाचल्या. नवापैकी सहा तुकडे आधीच वहीत चढलेल्या सामन्यांचे होते. उरलेले तीन मार्चचा शेवटचा शनिवार ते एप्रिलचा पहिला शनिवार या आठ दिवसांतले. मामांनी बोटांवर मोजलं. "एकोणतिसावा, तिसावा, एकतिसावा. आणि बत्तिसावा?"

"नाही."

"नीट बघ."

"मामा, नऊच आहेत. दोनदा मोजलेत."

"तिसऱ्यांदा मोज."

तिसऱ्यांदाही नऊच भरले.

मामा आमच्या संस्थेच्या कार्यशाळेत काचकाम करतात. बर्नरच्या ज्योतीत नळी फिरवत तिला वाकवायचं, फुगवायचं, जोडायचं, हे त्यांचं सव्वीस वर्षांचं काम. मी पदवी घेऊन शेजारच्या चाचणी प्रयोगशाळेत लागले तेव्हापासून त्यांच्याकडेच राहते. काच परदेशातल्या एका गावाहून येते. तिथले पॅकिंगवाले ती त्या गावच्या सांजपत्रात गुंडाळतात. पान मोठं असतं, म्हणून आधी उभं मधोमध फाडतात आणि एकेक अर्धुक वापरतात. दोन्ही अर्धुकं एकाच खोक्यात आली असं एकोणीस वर्षांत सात वेळा झालं आहे. हा आकडा मामांच्या वहीत आहे.

एकोणीस वर्षांपूर्वी मामांनी असाच एक चुरगळलेला कागद सपाट केला, तर त्यावर एका गोलरक्षकाचा फोटो होता. पाच गोल खाऊन तो चिखलात मांडी घालून बसला होता. "तोंडावर राग नाही, रडू नाही," मामा सांगतात. "नुसता बसलेला. म्हटलं, हा आपला माणूस." त्या गावाच्या संघाची जर्सी पिवळी आहे असं पुढे कुठल्याशा बातमीत आलं. तेव्हापासून घरात त्यांना पिवळे म्हणतात. मामांनी पिवळ्यांचा एकही सामना पाहिलेला नाही. जर्सीचा पिवळा रंगसुद्धा पाहिलेला नाही, कारण सांजपत्र काळं-पांढरं आहे.

इथपर्यंत मी कुणालाही समजावून सांगू शकते. पुढचं सांगताना माझं डोकं दुखतं.

मामांचा नियम असा की हंगाम क्रमानेच वाचायचा. खोकी वर्षाला तीन किंवा चार येतात आणि त्यांतल्या कागदांना क्रम नसतो. मेचा कागद जूनमध्ये येतो आणि मार्चचा ऑगस्टमध्ये. तर पुढच्या सामन्याचा कागद आधी आला की तो न वाचता पाकिटात घालायचा, वर तारीख टाकायची, गोंद लावायचा आणि गोंदावर मी सही करायची. सही माझी, कारण मामांच्या मते मामी भरवशाच्या नाहीत. मागचे सगळे सामने वाचून झाले की मगच पाकीट फोडायचं. या घडीला मामांच्या कपाटात दोन पाकिटं होती. तेहेतिसावा सामना आणि चौतिसावा सामना. चौतिसावा म्हणजे शेवटचा. पिवळे पहिल्या विभागात राहिले की खालच्या विभागात घसरले, हे त्या पाकिटात होतं आणि ते पाकीट मामांच्या स्वेटरखाली जूनपासून पडून होतं.

"सामने मेमध्येच संपले, मामा," मी एकदा म्हटलं होतं. "तुम्ही कसेही वाचलेत तरी निकाल बदलणार नाही."

"तू जेवताना आधी हात धुतेस आणि मग जेवतेस का?"

"मग?"

"आणि उलटं केलंस तरी पोटात तेच जातं ना?"

मी पुढच्या पाकिटावर सही केली.

तर हे सगळं चालू असताना मामांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता. इतकी वर्षं ज्योतीकडे टक लावून बसणाऱ्यांना तो लवकर होतो, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. डावा डोळा अर्धा गेला होता, उजवा त्याहून जास्त. उजव्याच्या आतला दाब वाढू लागला होता, म्हणून आधी उजवा करायचा होता. खोकं येण्याच्या आठवडाभर आधी मी मामांना त्यांच्याकडे नेलं होतं.

"पुढच्या मंगळवारची तारीख देते," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"जरा थांबावं लागेल," मामा म्हणाले. "चार सामने राहिलेत."

"तुम्ही खेळता?"

"छे हो. आमचा संघ आहे, परदेशातला. शेवटचे दोन घरी आहेत, पाकिटात. मधले चार यायचेत."

"मग हे मधले चार कधी आहेत?"

"मार्च-एप्रिलमध्ये झाले."

डॉक्टरबाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. ऑगस्टची एकोणीस तारीख होती. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी फरशीकडे पाहिलं.

"ऑपरेशन झाल्यावर दीड महिना वाचन बंद," मामा त्यांना समजावू लागले, जणू डॉक्टर तेच होते. "तेवढ्यात खोकं आलं तर? स्टोअरकीपर कागद आठ दिवसांवर ठेवत नाही."

"भाची वाचून दाखवेल की."

"कानावर माझा विश्वास नाही."

"आणि डोळ्यावर आहे?" डॉक्टरबाईंचा आवाज चढला. "दाब असाच वाढला तर आत नस खराब होईल. ती मग कुठल्याच ऑपरेशनने परत येत नाही. सप्टेंबरच्या पुढे मी जबाबदारी घेणार नाही."

याखेरीज कार्यशाळेच्या मॅनेजरांचं परिपत्रक होतं. ज्योतीवर काम करणाऱ्या प्रत्येकाची नोव्हेंबरअखेर डोळेतपासणी. निदान एका डोळ्याने, चष्म्यासह, सहा छेद बारा दिसलं पाहिजे. म्हणजे धडधाकट नजरेचा माणूस बारा मीटरवरून जे वाचतो, ते निदान सहा मीटरवरून वाचता आलं पाहिजे. न आलं तर ज्योतीवरून उचलून स्टोअरमध्ये बदली. मामांना बाकी कशाचं भय नव्हतं, पण स्टोअरचं होतं.

स्टोअरकीपर काका हे वेगळंच प्रकरण आहे. त्यांच्या मते पॅकिंगचा कागदसुद्धा संस्थेची मालमत्ता. तो ते वजन करून देतात आणि वजन करून परत घेतात. आठ दिवसांत. या खोक्याचा कागद भरला दोन किलो तीनशे चाळीस ग्रॅम. आम्हाला लागतो तो कागद आम्ही ठेवून घेतो आणि तेवढ्या वजनाची घरची जुनी वर्तमानपत्रं गठ्ठ्यात मिसळतो. हे काम माझं, कारण प्रयोगशाळेतला तराजू माझ्या हाताखाली आहे.

"दहा ग्रॅम जास्त भरतोय," गेल्या खेपेला ते म्हणाले होते.

"दमट हवा आहे, काका. वाळेल."

"वाळल्यावर आणा."

आणि याच काकांनी मामांसाठी स्टोअरमध्ये एक स्टूल पुसून तयार ठेवलं होतं. "तुमचे मामा आले की नळ्या मोजायला बसवतो," ते मला म्हणाले. "मोजायला कुठे डोळे लागतात? बोटं बास."

मी हे मामांना सांगितलं नाही. मामींना सांगितलं.

मामी म्हणाल्या, "डोळ्यांत मोती आणि डोक्यात कावीळ! सगळं जग पिवळं दिसतंय त्यांना. अगं, फाड ना ते पाकीट एकदाचं."

"मी शब्द दिलाय, मामी."

"शब्द! मला लग्नात दिलेले शब्द मोजायला बसले तर तुझा तराजू पुरायचा नाही. बरं, फाडू नकोस. नुसतं उजेडासमोर धर."

धरून पाहिलं होतं, हे मी कबूल करते. कागद चार घड्यांचा होता. काही दिसलं नाही.

बाकी उपाय मी करून चुकले होते. आपल्याकडच्या वर्तमानपत्रात परदेशी फुटबॉल तीन ओळींत संपतो. पहिला कोण आला ते छापतात, खाली कोण गेलं ते छापत नाहीत. रेडिओवर शनिवारी संध्याकाळी निकाल वाचतात, पण त्याच वेळी शेजारच्या गॅरेजमध्ये वेल्डिंग सुरू होतं आणि पिवळ्यांचं नाव आलं की तिकडे ठिणगी पडलीच म्हणून समजा. जुलैमध्ये मी काचेच्या कंपनीला सरळ पत्र लिहिलं. आपल्या गावचा संघ यंदा कितवा आला, कृपया कळवावे. सहा आठवड्यांनी उत्तर आलं. फुटलेल्या मालाच्या तक्रारीसाठी ऑर्डर क्रमांक नमूद करावा. सोबत नवा कॅटलॉग.

तर आता खोकं आलं होतं, चारांपैकी तीन सामने मिळाले होते आणि बत्तिसावा नव्हता.

मामांनी ते तीन कागद घरी आणून ओल्या फडक्याखाली इस्त्री केले आणि जेवणाच्या टेबलावर, खिडकीकडे पाठ करून, भिंग घेऊन बसले. एकोणतिसावा, एक-शून्य, जिंकलो. तिसावा, एक-एक, बरोबरी. एकतिसावा, शून्य-दोन, हरलो. मी घड्याळ लावलं होतं. तीन बातम्या मिळून एकशे अठरा ओळी. मामांना दोन तास दहा मिनिटं लागली. मध्ये दोनदा डोळ्यांतून पाणी आलं म्हणून थांबले. मी "वाचू का?" म्हटलं की हात वर करायचे, वाहतूक पोलिसासारखा.

मग त्यांनी वही उघडली. त्या वहीत पिवळ्यांचा प्रत्येक निकाल आहे आणि तळाच्या बाकी संघांचेही, जेवढे मिळतील तेवढे. गुणतक्ता मामा स्वतःच मांडतात, कारण छापील गुणतक्ता त्या सांजपत्रात पानाच्या बरोबर मध्यावर येतो आणि पॅकिंगवाले तो प्रत्येक वेळी उभा फाडतात. डाव्या अर्धुकावर संघांची नावं, उजव्यावर गोल आणि गुण. डावं एका खोक्यात, उजवं दुसऱ्या. कधी कधी दुसऱ्या वर्षी.

"आठ विजय, दहा बरोबऱ्या," मामा म्हणाले. "विजयाचे दोन, बरोबरीचा एक. सव्वीस गुण. सोळावा क्रमांक. पंधरावे बंदरवाले, एकतीस."

बंदरवाले म्हणजे बंदर असलेल्या दुसऱ्या एका गावाचा संघ. अठरा संघांपैकी शेवटचे तीन घसरतात, म्हणून पिवळ्यांना पंधरावं यायला हवं होतं.

"तीन सामने राहिले," मामांचा आवाज चक्क उत्साही होता. "तिन्ही जिंकले तर बत्तीस. बंदरवाल्यांना तिन्ही मिळून एकच गुण मिळाला तरी बत्तीस. मग गोलांवर येईल. कठीण आहे, पण अशक्य नाही."

"मग आता?"

"आता बत्तिसावा येईपर्यंत थांबायचं."

"पुढचं खोकं मार्चमध्ये आहे, मामा. काकांना विचारलं मी."

"मार्च कुठे लांब आहे?"

स्वयंपाकघरात मामींच्या हातून काहीतरी पडलं. पडलं की आपटलं, ते मी तपासायला गेले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेत मी परत करायचे कागद वजनाला लावत होते. बत्तिसाव्याचा एखादा कोपरा तरी सुटला असेल म्हणून एकेक तुकडा पुन्हा पाहत होते, तर नवाबाहेरच्या एका अर्धुकावर तीन उभ्या रांगा दिसल्या. केलेले गोल, खाल्लेले गोल, गुण. अठरा ओळी. नावं नाहीत. ती गेली होती डाव्या अर्धुकाबरोबर, कुठल्या तरी दुसऱ्या संस्थेच्या नळ्यांभोवती. तारीख एकतिसाव्या सामन्यानंतरच्या सोमवारची.

वहीप्रमाणे पिवळ्यांनी तोवर एकोणतीस गोल केले होते आणि सत्तेचाळीस खाल्ले होते. मी ओळी तपासल्या. एकोणतीस-सत्तेचाळीस ही जोडी एकाच ओळीत होती, वरून सोळाव्या. त्या ओळीतले गुण चौतीस.

सव्वीस नव्हे. चौतीस.

असाच एक उजवा तुकडा जूनच्या खोक्यात आला होता, अठ्ठाविसाव्या सामन्यानंतरचा. त्यात पिवळ्यांच्या गोलांसमोर तीस गुण होते. वहीप्रमाणे हवे होते तेवीस. मामांनी तेव्हा त्या ओळीपुढे लिहिलं होतं, "छपाईची चूक." एक चूक मलाही पटली होती. पण अठ्ठाविसाव्यापासून एकतिसाव्यापर्यंत एक विजय, एक बरोबरी, एक हार. मामांच्या हिशेबाने तीन गुण वाढायला हवेत. छापील आकडे चारने वाढले होते. छापखाना चुकतो, पण इतक्या शिस्तीत चुकत नाही.

मी कागद घेतला. विजयाचे गुण एक अज्ञात, बरोबरीचे दुसरं. सात विजय आणि नऊ बरोबऱ्या मिळून तीस. आठ विजय आणि दहा बरोबऱ्या मिळून चौतीस. वजाबाकी केली की एक विजय अधिक एक बरोबरी बरोबर चार. आठवीतलं गणित आहे. बरोबरीचा एक. विजयाचे तीन.

ताळा म्हणून बंदरवाल्यांची ओळ घेतली. तेरा विजय, पाच बरोबऱ्या. तेरा त्रिक एकोणचाळीस आणि पाच, चव्वेचाळीस. त्यांच्या गोलांसमोर छापलं होतं, चव्वेचाळीस.

त्या लीगने नियम बदलला होता. विजयाला दोनाऐवजी तीन गुण. कधी बदलला असेल? हंगाम सुरू होण्याआधी, म्हणजे मागच्या ऑगस्टमध्ये. त्या ऑगस्टचे कागद ज्या खोक्यात आले, ते स्टोअरकीपर काकांनी आम्हाला दिलेच नव्हते. तपासणीसाठी बडे लोक येणार म्हणून संचालकांच्या खिडक्या त्यांनी त्या कागदांनी पुसून घेतल्या होत्या. बहुतेक नवा नियम त्या काचांवर घासला गेला. सिद्ध करता येणार नाही.

मग मी अठरा ओळींतले गुण वरपासून मोजले. चव्वेचाळीस किंवा त्याहून जास्त गुण असलेले संघ पंधरा. पिवळे चौतीस. सामने तीन, जास्तीत जास्त गुण नऊ. त्रेचाळीस, म्हणजे पंधरावं येणं अशक्य.

मी गणित तीनदा केलं. चौथ्यांदा करण्यात अर्थ नव्हता. मला आनंद व्हायला हवा होता. एकही पाकीट न फोडता उत्तर मिळालं होतं. प्रत्यक्षात मला त्या पॅकिंगवाल्यांचा, काकांचा, त्या लीगच्या नियम करणाऱ्यांचा आणि मामांचा एकत्रित राग आला. एकोणीस वर्षांत एक पान आडवं फाडलं असतं तर काय बिघडलं असतं?

संध्याकाळी मी दोन्ही तुकडे, वही आणि माझा कागद टेबलावर ठेवला. मामांना आधी वाटलं बत्तिसावा सापडला. खुर्चीतून अर्धे उठलेच.

"बसा, मामा. सामना नाही. गणित आहे."

मी सांगितलं. मामा शेवटी म्हणाले, "छपाईची चूक."

"दोन्ही वेळा? आणि बंदरवाल्यांचीसुद्धा?"

"भिंग दे."

त्यांनी तुकडा नाकाजवळ घेतला. तिरपा केला. दिव्याखाली नेला. पुन्हा खिडकीकडे पाठ केली. मी घड्याळ लावलं नाही.

"हा तीन आहे की आठ?"

"तीन."

"मला आठ दिसतोय."

"मामा, अठ्ठ्याऐंशी… चौऱ्याऐंशी गुण एकतीस सामन्यांत कुणाला होतील? आणि तेही सोळाव्या नंबरवर?"

त्यांनी भिंग खाली ठेवलं. "म्हणजे मला दिसत नाहीये," ते म्हणाले. हे त्यांनी असं म्हटलं, जसं काही हे आम्ही त्यांना आजवर कधी सांगितलंच नव्हतं.

"वाच," ते म्हणाले.

"काय?"

"त्या रांगेतले गुण. वरपासून. हळू."

मी अठरा आकडे वाचले. मामा डोळे मिटून बोटं दुमडत मोजत होते. पंधराव्याला थांबले, सोळाव्याला मान हलवली.

"म्हणजे एप्रिलमध्येच गेलो."

"पहिल्या आठवड्यात."

"आणि मी साडेचार महिने…"

"चार महिने आणि चोवीस दिवस."

"आता दशांश नकोत गं, बाई."

मामी दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात पोळपाट होता आणि चेहऱ्यावर भांडणाची पूर्ण तयारी. मामांकडे पाहून त्यांनी पोळपाट खाली घेतला.

"काय झालं? कोण गेलं?"

"पिवळे," मामा म्हणाले.

"गेले कुठे?"

"खाली. दुसऱ्या विभागात."

"म्हणजे संपलं? कायमचं?"

"कायमचं कुठलं? खाली चांगले खेळले की येतात वर. कुणी वर्षात येतं, कुणी दहा वर्षांत."

"मग येतील तेव्हा वाचायला डोळा नको का?" मामी म्हणाल्या. "की तेही पाकिटात घालून ठेवणार?"

मामांनी बराच वेळ टेबलावरची वही बोटांनी चाचपली. मग म्हणाले, "डॉक्टरबाईंचा मंगळवार अजून रिकामा असेल का?"

"विचारते," मी म्हटलं. मग राहवलं नाही. "आता तरी ती दोन पाकिटं फोडायची का?"

"का?" मामा दचकले. "बत्तिसावा कुठे आलाय?"

मामींनी पोळपाट उचलला आणि स्वयंपाकघरात निघून गेल्या. या खेपेला मात्र आपटलंच.

तो मंगळवार गेला होता. पुढचा मिळाला, सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यातला. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन पन्नास मिनिटं चाललं. डॉक्टरबाई बाहेर येऊन म्हणाल्या, डोळ्यातलं भिंग पिकून कठीण झालं होतं, उशीर केलात, नसेला किती धक्का बसलाय ते पट्टी निघाल्यावर कळेल. मामा दहा दिवस पट्टी बांधून पडून होते. वाकायचं नाही, खोकायचं नाही, हसायचं नाही. हसण्याचा प्रश्नच नव्हता, कारण भेटायला पहिले स्टोअरकीपर काका आले.

"काळजी करू नका," काका म्हणाले. "स्टूलावर गादी टाकून घेतली आहे."

"कुणासाठी?"

"तुमच्यासाठी हो."

"गादी काढा," मामा पट्टीआडून म्हणाले. "वजन वाढतं."

दीड महिन्याने चष्मा आला. त्याची भिंगं बाटलीच्या बुडासारखी होती. त्यातून सगळं मोठं आणि जवळ दिसतं. पहिल्या दिवशी मामांनी कपाला हात घातला तो कपाच्या चार बोटं अलीकडे. मला धडकी भरली, कारण ज्योतीवर चार बोटांची चूक म्हणजे हात भाजणं. मामा मात्र रोज सकाळी टेबलावर रिकामी नळी घेऊन बसायचे आणि न पेटवलेल्या बर्नरवर ती फिरवायचे. पंधरा दिवसांत चूक अर्ध्या बोटावर आली. मी फूटपट्टीने मोजत होते. मामा म्हणायचे, मोजू नकोस, हात लाजतो.

तपासणी नोव्हेंबरच्या एकोणतीस तारखेला ठरली. आदल्या दिवशी मामींनी मला बाजूला घेतलं.

"तो अक्षरांचा तक्ता तुझ्या ओळखीनं मिळेल का गं? दोन तासांत पाठ करून घेते त्यांच्याकडून."

"मामी!"

"मामी काय मामी? तुम्ही पाकिटं चाटत बसा, मी आपली व्यवहाराचं बोलते."

तक्ता मी आणला नाही. डॉक्टरबाईंनाही असले लोक नवे नसावेत. त्यांनी आमच्या देखत भिंतीवरचा तक्ता काढून दुसरा लावला. खोली सहा मीटरपेक्षा थोडी लांब होती. जमिनीवर पांढरी रेघ होती, मामा रेघेवर उभे राहिले. बूट रेघेच्या पुढे गेला म्हणून डॉक्टरबाईंनी त्यांना मागे घेतलं. डाव्या डोळ्यावर पुठ्ठा धरला. मॅनेजर दाराशी फॉर्म घेऊन उभे होते, त्यांच्यामागे काका.

सर्वांत वरचं एकटं अक्षर मामांनी तोंड उघडताच सांगितलं. दुसरी ओळ. तिसरी ओळ. चौथीत एक अक्षर चुकलं, मग स्वतःच दुरुस्त केलं. त्याखालची ओळ बाराची, परिपत्रकात मागितलेली. पाच अक्षरं.

मामा थांबले. मान थोडी डावीकडे केली.

"मान सरळ," डॉक्टरबाई म्हणाल्या.

पहिलं सांगितलं. दुसरं सांगितलं. तिसऱ्याला त्यांनी श्वास घेतला आणि तो सोडलाच नाही. मामींनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की घड्याळ दिसेना.

"घाई नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"प… नाही. फ."

चौथं. पाचवं.

"खालची ओळ?"

मामांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "काळे ठिपके," ते म्हणाले.

डॉक्टरबाई टेबलाशी गेल्या, पेनाचं टोपण काढलं आणि कार्डावर लिहिलं. उजवा डोळा, चष्म्यासह: सहा छेद बारा.